तार्कीची शमखालशाही: उगमाचा प्रश्न

विचारलेला प्रश्न असा आहे. कॉकेशसमधील दागेस्तानातील तार्कीची शमखालशाही हे कुमिकांचे सरंजामी राज्य नेमके केव्हा आणि कोणी स्थापन केले? आठव्या शतकात अरबांनी नेमलेल्या एका सुभेदारापासून ते चालत आले, ही सर्वत्र वाचायला मिळणारी माहिती खरी मानावी काय? आणि त्या राज्याला मैदानातील कुमिकांचे म्हणावे की डोंगरातील लाकांचे?

मध्ययुगीन कॉकेशस हा माझ्या अभ्यासाचा आणि अध्यापनाचा विषय असल्याने हा प्रश्न वेगवेगळ्या स्वरूपात माझ्यासमोर वारंवार येतो. माझ्या मते त्यात तीन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. तेथील राजाचे ‘शमखाल’ हे पद केव्हापासून आढळते हा पहिला, त्या पदाभोवती विस्तृत राज्य केव्हा उभे राहिले हा दुसरा, आणि ते राज्य कुमिकांचे केव्हा झाले हा तिसरा. पहिल्याचे भरवशाचे उत्तर १४व्या शतकाच्या अखेरीस मिळते, दुसऱ्याचे १५व्या आणि १६व्या शतकात, तर तिसऱ्याचे १६४० च्या सुमारास. या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या असे गृहीत धरले की आठव्या शतकातील एक सोयीची तारीख हाती लागते, परंतु तिला समकालीन आधार सापडत नाही.

आधी प्रदेश डोळ्यांसमोर आणला पाहिजे. कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेकडे देरबंदपर्यंत जाते. उत्तरेस सुलाक आणि तेरेक या नद्यांच्या दरम्यान ती रुंदावून सपाट मैदान होते. त्यालाच कुमिक मैदान म्हणतात. पश्चिमेस दागेस्तानचे उंच डोंगर आहेत आणि त्यांत अवार, दार्गिन, लाक इत्यादी अनेक लोकसमूह आपापल्या भाषा बोलत राहतात. कुमिक हे मात्र तुर्की वंशशाखेची किपचाक गटातील भाषा बोलणारे, शाफी पंथाचे सुन्नी मुसलमान असून त्यांची वस्ती मैदानात आणि पायथ्याच्या टेकड्यांवर आहे. तार्की हे गाव आजच्या मखाचकला शहराला लागून, सुमारे ७०० मीटर उंचीच्या तार्की-ताऊ डोंगराच्या उतारावर वसले आहे. शमखालांची पहिली राजधानी मात्र तेथे नव्हती. ती आतल्या डोंगरांत, लाकांच्या कुमुख या गावी होती आणि तिला गाझी-कुमुख असे म्हणत. कुमुख आणि कुमिक या नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळ गोंधळ होतो, म्हणून कुमुख हे लाकांचे गाव आणि कुमिक हे मैदानातील लोक, एवढे येथेच नोंदवून पुढे जातो.

आता अरब कथेकडे वळू. उमय्यद सेनापती मस्लमा इब्न अब्द अल-मलिक याने आठव्या शतकाच्या पूर्वार्धात देरबंद घेतले, ही ऐतिहासिक घटना आहे. ‘देरबंद-नामे’ या ग्रंथात आणि त्यावरून पुढे लिहिल्या गेलेल्या बखरींत असे सांगितले जाते की, अरब सेनापतीने कुमुख जिंकून तेथे मशीद बांधली आणि शाहबाल नावाच्या एका सरदाराला तेथील कारभार सोपवला. शमखाल हे त्याचेच वंशज होत. लोककथेत मस्लमाच्या जागी अबू मुस्लिम येतो, कारण दागेस्तानी परंपरेने या दोन व्यक्तींची सरमिसळ केली आहे. ‘तारीख दागेस्तान’ या अरबी ग्रंथात वंशावळ आणखी वर नेऊन शमखालांना पैगंबरांचे चुलते हमझा आणि अब्बास यांच्याशी जोडलेले आहे. ‘शाम’ म्हणजे सीरिया, आणि शमखाल म्हणजे शामहून आलेला, अशी फोडही याच परंपरेतून पुढे आली आहे.

ही कथा मला अग्राह्य वाटते आणि त्याला ठोस कारण आहे. अरब लेखक मसूदी याने १०व्या शतकाच्या मध्यास, म्हणजे मस्लमाच्या स्वारीनंतर सुमारे दोनशे वर्षांनी, या भागातील राज्यांचे वर्णन लिहून ठेवले. त्यात ‘गुमीक’ नावाच्या प्रदेशाबद्दल तो म्हणतो की, तेथील लोक ख्रिस्ती आहेत, त्यांच्यावर कोणी राजा नाही, त्यांचे प्रमुख त्यांचा कारभार पाहतात आणि शेजारच्या अलान लोकांच्या राजाशी त्यांचा सलोखा आहे. हे गुमीक म्हणजेच कुमुख, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. जेथे १०व्या शतकात राजा नाही आणि इस्लामही नाही, तेथे ८व्या शतकापासून मुसलमान राजघराणे अखंड नांदत होते असे म्हणता येत नाही. शिवाय ‘देरबंद-नामे’चे आज उपलब्ध असलेले रूप एंदिरेय या कुमिक गावाशी संबंधित असलेल्या मुहम्मद अवाबी अकताशी याने, कुमिक सत्ताधारी घराण्याच्या आश्रयाने, १६व्या शतकाच्या अखेरीस किंवा १७व्या शतकात सिद्ध केले. उत्तरेकडून मॉस्को, दक्षिणेकडून इराण आणि पश्चिमेकडून उस्मानी तुर्क असे तिघेही दार ठोठावत असताना आपले घराणे प्रत्यक्ष खिलाफतीने नेमलेले आहे, असे सांगण्याची गरज या आश्रयदात्यांना होती. त्या कथेतून १७व्या शतकातील राजनीती फार चांगली समजते, आणि माझ्या दृष्टीने तिचे खरे मोल तेच आहे.

शमखालांचे मूळ खझार या जुन्या तुर्की राज्यकर्त्यांत शोधणारा सिद्धान्तही अनेकदा मांडला जातो. समंदर हे खझारांचे एक जुने, द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले नगर तार्कीच्या परिसरात होते, असे काही अभ्यासकांचे मत आहे. १०व्या शतकात रूस लोकांच्या हल्ल्यात खझारांची सत्ता मोडली. कुमिक लोकांच्या जडणघडणीत खझार काळातील तुर्की वस्तीचा वाटा आहे, हे मी मान्य करीन. परंतु लोकांची घडण आणि राजपदाची परंपरा या निराळ्या बाबी आहेत. खझारांचा अस्त आणि शमखालांचा पहिला उल्लेख यांच्यामध्ये चार शतकांहून अधिक काळ जातो, आणि ती दरी भरून काढणारा एकही दस्तऐवज या सिद्धान्तापाशी नाही.

यापेक्षा अधिक विचारार्ह मत मंगोल काळाकडे बोट दाखवते. रिचा गावातील शिलालेखावरून मंगोल सैन्य १२३९ च्या शरद ऋतूत दक्षिण दागेस्तानात शिरल्याचे कळते आणि १२४० च्या वसंतात ते कुमुखला पोहोचले. त्यानंतर उत्तरेकडील मैदान सुवर्ण टोळीच्या म्हणजे जोची घराण्याच्या ताब्यात आले. कुमुखमध्ये टोळीच्या वतीने बसवलेला एखादा तुर्क अधिकारी पुढे स्थानिक राजा झाला असावा, असे या मताचे सार आहे. परिस्थितीशी ते जुळते. मात्र त्याच्या पुष्ट्यर्थ एक पुरावा नेहमी दिला जातो तो मला पटत नाही. १३२७ साली रशियातील त्वेर शहरात उठाव झाला आणि सुवर्ण टोळीच्या उझबेक खानाचा नातलग चोल-खान मारला गेला. रशियन बखरींत त्याचे नाव ‘शेवकाल’ असेही येते, आणि पुढे रशियन कागदपत्रांत दागेस्तानच्या शमखालालाही ‘शेवकाल’च म्हटले आहे. एवढ्या साम्यावरून दोघांचा संबंध जोडणे घाईचे होईल, कारण त्वेरचा शेवकाल हे व्यक्तीचे नाव आहे आणि दागेस्तानातील शेवकाल हे पद आहे.

पहिला पक्का उल्लेख तैमूरच्या इतिहासकारांकडून मिळतो. एप्रिल १३९५ मध्ये तैमूरने तेरेकच्या काठी सुवर्ण टोळीच्या तोख्तामिश खानाचा निर्णायक पराभव केला आणि त्यानंतर त्याचे सैन्य दागेस्तानच्या डोंगरांत शिरले. निझामुद्दीन शामी आणि शरफुद्दीन अली यझदी या दोघांनीही पुढचा प्रसंग वर्णिलेला आहे. तैमूरने उश्कुजा या ठिकाणाला, म्हणजे बहुधा दार्गिनांच्या अकुशाला, वेढा घातला असता गाझी-कुमुखचा ‘शौकाल’, म्हणजे शमखाल, ३,००० माणसांनिशी वेढ्यातील लोकांच्या मदतीला आला. तैमूरच्या घोडदळाने त्या फौजेला गाठले, शौकाल मारला गेला आणि त्याचे शिर तैमूरपुढे आणण्यात आले. कुमुखच्या लोकांना तैमूरने जाब विचारला तो लक्षात घेण्याजोगा आहे: तुम्ही तर दरवर्षी काफिरांविरुद्ध लढत होता, मग आता त्यांच्याच मदतीला का धावलात?

या एका प्रसंगातून बऱ्याच गोष्टी हाती लागतात. १३९६ च्या सुमारास शमखाल हे पद अस्तित्वात होते. त्याचे ठाणे कुमुखला होते. कुमुख तोवर मुसलमान झालेले होते आणि त्याच्या नावामागची ‘गाझी’ ही उपाधी शेजारच्या गैरमुस्लिम गावांवरील मोहिमांतून आलेली होती. आणि शमखालाची ताकद काही हजार डोंगरी शिपायांइतकी होती. या वृत्तांतात तार्की नाही, समुद्रकिनारा नाही आणि कुमिक मैदानावरील हुकमतही नाही. १४व्या शतकाच्या अखेरचा शमखाल हा डोंगरातला एक बलिष्ठ सरदार होता, याहून अधिक म्हणायला हा पुरावा परवानगी देत नाही.

मग तार्की शमखालांकडे केव्हा आली? येथे एक साक्षीदार असा आहे की ज्याची ओळख मराठी वाचकाला निराळी करून द्यावी लागत नाही. चौलच्या बंदरात उतरून जुन्नरला पावसाळा काढलेला आणि पुढे बिदरला गेलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४६० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच किनाऱ्याने देरबंदला गेला. त्याच्या काफिल्यातील एक लहान जहाज वादळात सापडून तार्कीजवळ किनाऱ्याला लागले आणि फुटले. दक्षिणेकडील कायताग प्रदेशातील कायताक लोकांनी येऊन त्यातील सगळी माणसे पकडून नेली. त्यांच्या सुटकेसाठी निकितिन आणि त्याचे सोबती देरबंदला खटपट करीत राहिले. अखेर देरबंदच्या दक्षिणेकडील शिरवानच्या शाहाने आपला मेहुणा, कायताकांचा राजा खलील-बेग, याला पत्र लिहिले की, तार्कीजवळ जहाज फुटले असता तुझ्या लोकांनी माणसे धरली आणि माल लुटला, तरी ती माणसे परत पाठव. त्यानंतर ती सुटली. या साऱ्या व्यवहारात शमखालाचे नाव कोठेही येत नाही. तार्कीच्या किनाऱ्यावरील आगळिकीचा जाब दक्षिणेकडील कायतागच्या राजाला विचारला जातो आणि तोही तो मान्य करतो. त्या वेळी तार्कीवर शमखालाचा अंमल मुळीच नव्हता असे यावरून सिद्ध होत नाही, तथापि तेथे त्याची सत्ता अजून घट्ट बसलेली नव्हती, असा निष्कर्ष मी काढतो.

याच्या शंभर वर्षांच्या आत चित्र पालटलेले दिसते. १५६० मध्ये रशियाचा झार इव्हान चौथा याच्या सैन्याने आस्त्राखानहून समुद्रमार्गे येऊन शमखालाला जरब बसवण्यासाठी ज्या ठिकाणावर हल्ला केला, ते ठिकाण तार्की होते. म्हणजे सुवर्ण टोळीच्या विघटनानंतर, १५व्या शतकाच्या अखेरपासून १६व्या शतकाच्या मध्यापर्यंत, कुमुखचे शमखाल डोंगरातून खाली उतरून मैदानाचे आणि किनाऱ्याचे धनी झाले. राज्याच्या स्थापनेचा काळ विचारायचा तर तो हाच होय, आणि त्यामागची कारणे वंशावळींपेक्षा मेंढ्यांच्या कळपांत अधिक स्पष्ट दिसतात.

दागेस्तानच्या उंच डोंगरांत उन्हाळ्यात कुरणे भरपूर असतात, पण हिवाळ्यात बर्फाखाली चारा उरत नाही. शेकडो मेंढ्या असलेल्या डोंगरी गावाला शरद ऋतूत कळप घेऊन मैदानात उतरण्यावाचून गत्यंतर नसते. तेथील हिवाळी कुरणांवर वसंतापर्यंत राहून ते परत वर जातात. ज्याच्या हाती ही कुरणे, त्याच्या हाती त्या गावाची नाडी. कुरणपट्टी म्हणून मेंढ्या वसूल करणे, कुरणाची वाट बंद करण्याची धमकी देऊन लष्करी मदत मागणे, दोन गावांच्या तंट्यात निवाडा देणे, अशा सगळ्या अधिकारांचे मूळ या एका भौगोलिक गरजेत होते. ‘तारीख दागेस्तान’मध्ये शमखालाला कोणत्या गावाने दरसाल काय द्यावे याची यादी जोडलेली आहे, वंशावळीचा भाग बाजूला ठेवून ती यादी वाचली, तर राज्य कशावर चालत असे ते समजते. दुसरा आधार रस्त्याचा होता. आस्त्राखानहून देरबंद आणि शिरवानकडे जाणाऱ्या काफिल्यांना तार्कीच्या खालच्या चिंचोळ्या पट्टीतूनच जावे लागे, कारण एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला समुद्र. तेथे बसणारी जकात हे शमखालाचे रोख उत्पन्न होते. कुमुखला राहून हा रस्ता राखता येत नसे, म्हणून शमखाल हिवाळा खाली बुयनाकला किंवा तार्कीला काढू लागले आणि उन्हाळ्यात वर कुमुखला जाऊ लागले. पुरण्यासाठी मात्र त्यांना कुमुखलाच नेले जाई.

१६व्या शतकाच्या उत्तरार्धातील चोपान शमखाल हा या अखंड राज्याचा अखेरचा मोठा राजा. १५७८ मध्ये लाला मुस्तफा पाशाच्या नेतृत्वाखाली उस्मानी सैन्य शिरवानात उतरले तेव्हा शमखालाने त्यांची बाजू घेतली, आणि पुढे वजीर झालेल्या उझदेमिरोग्लू उस्मान पाशाचा विवाह शमखालाच्या घराण्यातील मुलीशी झाला. चोपान बुयनाकला वारला आणि त्याच्या मागे मुलांनी राज्य वाटून घेतले. १८४१ मध्ये आपला इतिहासग्रंथ पूर्ण करणाऱ्या अब्बासकुली बाकीखानोवने ही परंपरा नोंदवून ठेवली आहे. कायतागच्या राजकन्येपासून झालेल्या एल्दार, मुहम्मद, अंदी आणि गिरेय या चौघांत बुयनाक व तार्की, काफिर-कुमुख, काझानिश आणि गेली हे मुलूख वाटले गेले. पाचवा सुलतान-मूत हा मात्र कबर्दा या शेजारच्या प्रदेशातील सरदाराच्या मुलीपासून झालेला. आई राजकुळातली नसल्याने तो ‘चांका’ ठरला, आणि चांक्याला बरोबरीचा वाटा नाही, असे भावांनी त्याला सांगितले.

ही भाऊबंदकी कुमिक इतिहासाला वळण देणारी ठरली. सुलतान-मूत आजोळी कबर्दात गेला, तेथून माणसे आणि पाठबळ घेऊन परतला आणि सुलाक व तेरेक यांच्यामधला उत्तरेकडचा मुलूख त्याने हस्तगत केला. एंदिरेय हे त्याचे ठाणे झाले. पुढे त्यातून अक्साय आणि कोस्तेक ही संस्थाने निघाली. एंदिरेय शमखालशाहीचा भाग होते काय, असाही प्रश्न नेहमी विचारला जातो. घराणे एक, पण कारभार स्वतंत्र, असे त्याचे उत्तर आहे. संकट आले की हे भाऊ एकत्र येत, एरवी आपापल्या वाट्यावर भांडत.

संकट लवकरच आले. काखेतीचा जॉर्जियन राजा अलेक्झांडर याने शमखालाच्या धाडींविरुद्ध मॉस्कोकडे मदत मागितली आणि स्वतःही फौज पाठवण्याचे आश्वासन दिले. १५९४ मध्ये रशियन सेनापती ख्वोरोस्तिनिनने तार्की घेतली, पण जॉर्जियन फौज आलीच नाही. तार्कीत अडकून पडलेल्या रशियनांना आजारी माणसे मागे टाकून रात्रीच्या अंधारात माघार घ्यावी लागली आणि तीत सुमारे ३,००० माणसे कामी आली. १६०४ मध्ये झार बोरिस गदुनोवने सेनापती बुतुर्लिनला मोठी फौज देऊन पुन्हा पाठवले. रशियनांनी तार्की जिंकून तेथे किल्ला बांधायला घेतला आणि हिवाळा काढला. १६०५ च्या वसंतात कुमिकांबरोबर उस्मानी तुकडीही आली. वाटाघाटी होऊन सुरक्षित परतीची हमी मिळाली, परंतु माघारी निघालेल्या सैन्याला करामानच्या मैदानात गाठण्यात आले. बुतुर्लिन आपल्या मुलासह पडला आणि रशियन इतिहासकार कारामझिनच्या आकड्यानुसार ६,००० ते ७,००० सैनिक मारले गेले. या लढाईतील कुमिकांचा सेनानी वाटा नाकारलेला सुलतान-मूत होता. त्यानंतर १७२२ पर्यंत रशियाने दागेस्तानात एवढी मोठी मोहीम काढली नाही. शमखालशाही टिकली ती या विजयामुळे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

शमखालाची निवड कशी होई याचे एक जवळून पाहिल्यासारखे वर्णन हॉल्स्टाइन या जर्मन संस्थानाच्या वकिलातीबरोबर १६३८ मध्ये इराणहून परतताना तार्कीत मुक्काम केलेल्या आदाम ओलेआरिउसने दिले आहे. तार्की त्याला तटबंदी नसलेले, सुमारे १,००० घरांचे, इराणी धाटणीचे पण इराणपेक्षा साधे गाव वाटले. निवडीबद्दल तो लिहितो की, शमखालाचे पद रिकामे झाले म्हणजे सगळे मिर्झा, म्हणजे घराण्यातील सरदार, गोल करून बसतात आणि धर्मगुरू त्यांच्यामध्ये सोन्याचे सफरचंद फेकतो. ते ज्याला लागेल तो शमखाल होतो. मात्र ते कोणाकडे फेकायचे हे धर्मगुरूला आधीच ठाऊक असते, असेही तो लगेच जोडतो. या विधीचा तपशील ओलेआरिउसने ऐकीव माहितीवरून लिहिला असेल, तरी त्यामागची रचना इतर पुराव्यांशी जुळते. पद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. घराण्याच्या सगळ्या शाखांतील ज्येष्ठ पुरुषाचा त्यावर हक्क मानला जाई, सरदारांची संमती लागे, आणि नियोजित वारसाला ‘क्रिम-शमखाल’ ही उपाधी व बुयनाकचा मुलूख मिळे. म्हणूनच १६३५ मध्ये एल्दारनंतर सुलतान-मूतचा मुलगा आयदेमीर शमखाल होऊ शकला. ज्याच्या बापाला चांका म्हणून घराबाहेर काढले होते, त्याच्याकडे घराण्याचे सर्वोच्च पद आले. तो १६४१ मध्ये कबर्दातील माल्का नदीवरील लढाईत मारला गेला.

याच सुमारास तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. १६४० च्या आसपास कुमुखचे लाक शमखालांपासून वेगळे झाले आणि त्यांनी आपला स्वतंत्र प्रमुख निवडला. पुढे तेथे गाझी-कुमुखची खानशाही उभी राहिली. शमखाल कायमचे तार्कीला आले. डोंगरातील जुनी गादी गेल्यावर राज्यात उरले ते मुख्यतः कुमिक गावांचे मैदान आणि पायथा. म्हणून १६४० पूर्वीच्या राज्याला मी गाझी-कुमुखची शमखालशाही म्हणतो आणि त्यानंतरच्या राज्याला तार्कीची. पहिल्यात लाक, कुमिक, दार्गिन, अवार अशा अनेकांचा समावेश होता; दुसरे निश्चितपणे कुमिक राज्य होते. आज लाक आणि कुमिक अशा दोन्ही बाजूंच्या लेखकांत या वारशावरून कडवट वाद होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दोघांचेही म्हणणे आपापल्या काळापुरते बरोबर आहे. शमखाल मॉस्कोशी पत्रव्यवहार तुर्कीत करीत, त्यामुळे दरबारावर तुर्की संस्कार आधीपासून होता. आणि ते पुरले जात कुमुखला, म्हणजे तेथल्या मुळांचाही त्यांनी त्याग केला नव्हता.

हे राज्य सरंजामी होते म्हणजे कसे, हेही सांगितले पाहिजे. शिखरावर बिय किंवा बेग, म्हणजे शमखालाच्या रक्ताचे लोक होते. त्यांच्याखाली विषम विवाहातून जन्मलेले चांके. त्यानंतर उझदेन, म्हणजे स्वतःच्या घोड्याशस्त्रांनिशी चाकरी करणारे स्वतंत्र लोक. एंदिरेय आणि अक्साय येथे त्यांच्यातील वरच्या थराला साला-उझदेन म्हणत आणि त्यांची जमीन व मान जवळपास बेगांइतका असे. जमिनीशी बांधलेल्या कुळांना चागार म्हणत, आणि सर्वांत खाली कूल, म्हणजे गुलाम. एंदिरेयचा गुलामांचा बाजार दूरवर माहीत होता. धाडींत धरलेली माणसे तेथे विकली जात, हे या राज्याच्या वैभवाबद्दल लिहिताना विसरता कामा नये. बेगांची मुले लहानपणी उझदेनांच्या किंवा शेजारच्या राजांच्या घरी वाढवायला देण्याची ‘अतालिक’ प्रथा होती. सुलतान-मूतला आजोळहून पाठबळ मिळाले, ते अशा नात्यांच्या जाळ्यावर चालणाऱ्या समाजात.

पुढील इतिहास आवरता घेतो, कारण तो उगमाचा नाही. इराणचे सफवी शाह शमखालाला दागेस्तानचा वाली, म्हणजे सुभेदार, म्हणत आणि रशियाही त्याला आपला मांडलिक समजे. दोघांना खूश ठेवण्याची कला शमखालांना अवगत होती. ऑगस्ट १७२२ मध्ये पीटर पहिला इराणच्या मोहिमेवर निघाला तेव्हा आदिल-गिरेय शमखालाने त्याचे तार्कीत स्वागत केले. एंदिरेयने मात्र प्रतिकार केला आणि ते गाव जाळण्यात आले. पीटरने सुलाकवर किल्ला उभारल्यावर आदिल-गिरेयला आपल्या स्वागताचा अर्थ उमगला असावा. १७२५ मध्ये त्याने त्याच किल्ल्यावर हल्ला केला. पराभवानंतर त्याला पकडून उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या कोला येथे हद्दपार करण्यात आले आणि शमखालपद रद्द झाले. ते नादिरशाहाने १७३० च्या दशकाच्या मध्यास आदिल-गिरेयचा मुलगा खासबुलात याला देऊन पुन्हा सुरू केले.

१८व्या शतकाच्या अखेरीस शमखालांनी रशियाचे वर्चस्व स्वीकारले. मेहदी शमखालाला रशियन सैन्यातील लेफ्टनंट जनरलचा हुद्दा मिळाला आणि १८०६ मध्ये देरबंद शहर वगळून देरबंदच्या खानशाहीचा मुलूखही मिळाला. परंतु १८२१ मध्ये तार्कीच्या डोक्यावर रशियनांनी बुर्नाया हा किल्ला बांधला, तेव्हापासून शमखालाचे स्वातंत्र्य नावापुरते उरले. १८३१ मध्ये रशियाविरुद्ध लढणाऱ्या डोंगरी लोकांचा पहिला इमाम गाझी-मुहम्मद याने तार्की घेऊन त्या किल्ल्याला वेढा घातला. वेढ्यात दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन त्याचे अनेक अनुयायी ठार झाले. डोंगरातील इमामतीच्या युद्धात शमखाल रशियाच्या बाजूने राहिले, पण त्यांची प्रजा विभागलेली होती. सत्ता आटत चाललेली असतानाही प्रजेवरचा त्यांचा हात जड होता. प्रसिद्ध कुमिक कवी यिरची कझाक याला आपल्या मित्राला शमखालाच्या घरातील मुलगी पळवून नेण्यात मदत केल्याबद्दल अबू-मुस्लिम शमखालाने सायबेरियात धाडले, आणि कुमिक कवितेतील काही फार चटका लावणाऱ्या ओळी त्या हद्दपारीतून आल्या.

इमाम शामील १८५९ मध्ये शरण गेल्यावर रशियाला मांडलिकांची गरज उरली नाही. अबू-मुस्लिमला १८४९ मध्येच ‘शमखाल तार्कोव्स्की’ या नावाने रशियन सरदारकीचा वंशपरंपरागत किताब देण्यात आला होता. त्याचा मुलगा शमसुद्दीन याने १८६७ मध्ये राज्याधिकार सोडले. त्याच वर्षी शेजारची मेख्तुली खानशाहीही रद्द झाली आणि दोन्ही मुलूख तेमिर-खान-शुरा जिल्ह्यात सामील करण्यात आले. किताब मात्र घराण्याकडे राहिला. १९१८ च्या शरद ऋतूत रशियन यादवी युद्धाच्या धामधुमीत काही काळ दागेस्तानचा लष्करी हुकूमशहा झालेला नूह-बेग तार्कोव्स्की हा याच घराण्यातला होता.